१६ एप्रिलचा फलक : कामाच्या नोंदी

१२ फेब्रुवारी

जागा मिळाली. नौपाड्यातल्या आमच्या वाचनालयात जिना चढताना डाव्या हाताला लागते ती भिंत, साधारण आठ फूट बाय चार. १४ एप्रिलचं आंबेडकर जयंतीचं ग्रंथप्रदर्शन १५ला संध्याकाळी उतरेल आणि त्याच रात्री आमचा फलक चढेल. विषय एकच तारीख, १६ एप्रिल. या दिवशी जगात काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं.

ठाण्यात १६ एप्रिल म्हटलं की पुढचं, म्हणजे १८५३ साली बोरीबंदरहून इथे आलेली पहिली प्रवासी रेल्वे, सांगावं लागत नाही. समितीतले आबा म्हणालेच, "रेल्वे लावा, झालं. बाकीची भाऊगर्दी कशाला?" त्यांचं अगदीच चूक नाही. पण रेल्वेचा फलक कुठे ना कुठे नेहमी लागतो. त्यावर तेच इंजिन आणि तीच चार वाक्यं. आजूबाजूला त्याच तारखेची दुसरी माणसं उभी केली तर रेल्वेकडेही लोक जरा थांबून बघतील, असं माझं मत. ग्रंथपालबाईंनी माझी बाजू घेतली, पण अट घातली. "व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या दिनविशेषातून उचललेलं काही नको हं. शाळेची मुलं इथूनच वहीत उतरवून घेतात."

मी मुद्रितशोधनाची कामं करते, त्यामुळे तपासणी माझ्याकडे. मांडणी ऐरोलीहून येणाऱ्या, उपयोजित कला शिकणाऱ्या मुलीकडे. रेल्वेचा भाग निवृत्त मोटरमन काकांकडे. तो त्यांना देण्याचा प्रश्नच आला नाही, त्यांनी घेतला.

१८ फेब्रुवारी

कच्ची यादी झाली. अशी यादी म्हणजे गर्दीच्या वेळचा लोकलचा डबा. पोप बेनेडिक्ट सोळावे (जन्म १९२७), लारा दत्ता (१९७८), फ्रेंच लेखक आनातोल फ्रान्स (१८४४), मेणाच्या पुतळ्यांच्या मादाम तुसाँ (मृत्यू १८५०), दिग्दर्शक डेव्हिड लीन (मृत्यू १९९१) असे सगळे खांद्याला खांदा लावून उभे, आणि कुणाचं कुणाशी काही नातं नाही.

म्हणून तक्ता केला. रकाने असे : काय घडलं, कुठे घडलं, तिथे तेव्हा कुठलं कॅलेंडर चालत होतं, तिथल्या घड्याळात किती वाजले होते, आणि एकमेकांवरून न उतरवलेले दोन आधार. शेवटचा रकाना जीव काढतो. बहुतेक दिनविशेष एकमेकांचीच नक्कल असतात. एकाने केलेली चूक दहा ठिकाणी भेटली की ती पुराव्यासारखी वाटायला लागते.

ऐरोलीची मुलगी म्हणाली, "ताई, कॅलेंडरचा रकाना कशाला? तारीख तर दिलेलीच आहे ना." म्हटलं, भरायला घे, मग बोलू.

२३ फेब्रुवारी

ती बोलली. यादीत दोन घटना शेजारी शेजारी होत्या. १७४६ साली स्कॉटलंडात कलोडनची लढाई झाली. चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टचं बंड ड्यूक ऑफ कंबरलंडच्या फौजेने तिथे तासाभरात मोडलं. दुसरी १९१७ची. परदेशात आश्रय घेतलेला लेनिन पेट्रोग्राडच्या फिनलंड स्थानकात उतरला. दोन्हींपुढे १६ एप्रिल.

आता गंमत अशी. ब्रिटनमध्ये १७५२पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं. कलोडनची १६ एप्रिल त्या जुन्या कॅलेंडरातली. आजच्या हिशेबाने तो दिवस २७ एप्रिल. रशियातही १९१८च्या सुरुवातीपर्यंत ज्युलियनच होतं. लेनिन गाडीतून उतरला तेव्हा स्थानकाबाहेर जमलेल्या माणसांच्या लेखी ती ३ एप्रिलची रात्र होती. म्हणजे याद्यांनी लढाईची तारीख जुनी आहे तशी ठेवली आणि लेनिनची मात्र तेरा दिवस पुढे आणली. दोघांना एकच नियम लावा, एक जण यादीतून बाहेर पडतोच. जुनं धरलं तर लेनिन गेला, नवं धरलं तर कलोडन.

मराठी माणसाला हा गुंता समजवायला वेळ लागू नये. तिथी की तारीख हे भांडण आपल्याला नवं नाही. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० हीसुद्धा ज्युलियन तारीख आहे. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१चा तोच दिवस ग्रेगोरियन पद्धतीने १ मार्च येतो. हे उदाहरण फलकावर नको, असं आबांनी बजावलं. वाद होईल म्हणे. इथे नोंदवून ठेवते.

नियम ठरवला : घटना जिथे घडली तिथल्या लोकांची त्या दिवशीची तारीख, तीच आपली. जिथलं तिथलं. कलोडन आत, खाली एका ओळीची टीप. लेनिन बाहेर.

२५ फेब्रुवारी

लेनिन बाहेर गेल्याची बातमी वाचनालयात पसरली. वागळे इस्टेटमध्ये लेथ मशीनवर आयुष्य काढलेले एक सभासद वर्तमानपत्र खाली ठेवून उठून आले. "क्रांतीला तुमचं कॅलेंडर आड येतंय का?" माझं कॅलेंडर नाही, त्यांचंच आहे, म्हटलं, ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरात साजरी होते ती याचमुळे. त्यावर ते हसले, पण तक्रार मागे घेतली नाही. टीपेत लेनिनचं नाव येईल, यावर तडजोड.

२ मार्च

रेल्वे. काका फाईल घेऊन आले, आणि फाईल जाड होती.

जे पक्कं आहे ते आधी. १६ एप्रिल १८५३, शनिवार. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून गाडी निघाली. १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित, २१ तोफांची सलामी, अंतर २१ मैल म्हणजे ३४ किलोमीटर. ओढायला तीन इंजिनं होती. साहिब, सिंध आणि सुलतान ही त्यांची नावं सगळीकडे सांगितली जातात. इंजिनं लँकेशरच्या व्हल्कन फाउंड्रीची. कंपनी ग्रेट इंडियन पेनिन्शुला, १८४९ साली कायद्याने स्थापन झालेली. तिच्या संचालकांत आपले नाना शंकरशेट. नाना मूळचे मुरबाडचे, तेव्हा ठाणे जिल्ह्याचा हक्क दोन्ही टोकांनी लागतो, असं काकांचं म्हणणं.

वेळेवर मात्र एकमत नाही. कुठे ५७ मिनिटं, कुठे सव्वा तास. काकांचा यावर स्वतंत्र विचार आहे. "मध्ये शीवला इंजिनाला पाणी भरायला थांबली होती. तो थांबा धरायचा की नाही, यावर आकडा बदलतो. आम्हीसुद्धा धावण्याचा वेळ वेगळा लिहायचो आणि एकूण वेळ वेगळा." दोन्ही आकडे छापायचे. आजची स्लो लोकलही सीएसएमटी ते ठाणे तासाच्या आतबाहेरच घेते, हे वाक्य काकांना फलकावर हवं होतं. मी काढलं. मधली स्थानकं किती, हे न सांगता ते वाक्य रेल्वेवर अन्याय करतं, आणि काका स्वतः रेल्वेचे.

'भारतातली पहिली रेल्वे' असं लिहायचं नाही, हेही ठरलं. मद्रासजवळ रेड हिल्सला १८३०च्या दशकात दगड वाहणारी रेल्वे होती. रुरकीला सोलानी नदीवरच्या कालव्याच्या पुलाच्या कामावर १८५१ साली वाफेचं इंजिन माती ओढत होतं. म्हणून 'पहिली प्रवासी रेल्वे'. एक शब्द जास्त, पण तो लागतोच.

५ मार्च

छायाचित्रांची झडती. पहिल्या रेल्वेचा म्हणून जो फोटो सगळीकडे फिरतो, त्यात कमानींच्या लांब पुलावरून गाडी चाललीय, खाली पाणी. मुलीने तो मध्यभागी मोठ्ठा टाकून नमुना करून आणला होता. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बाळ, गाडी ठाण्याला थांबली ना? मग खाडीच्या पुलावर कशी गेली?"

मुद्दा एवढा सरळ आहे की आजवर कुणाला कसा सुचला नाही याचं नवल. पहिल्या दिवशी रूळ ठाण्यापर्यंतच होते. खाडी ओलांडून गाडी कल्याणला पोचली १ मे १८५४ रोजी. तेव्हा पुलावरचा फोटो १८५३चा असूच शकत नाही. तो साधारण १८५५चा मानतात. दुसरं नेहमीचं चित्र फेअरी क्वीन इंजिनाचं. ते १८५५ साली लीड्सला बांधलेलं, ईस्ट इंडियन रेल्वेचं, म्हणजे हावड्याकडचं. त्याचा बोरीबंदरशी काडीचा संबंध नाही.

मग मधोमध लावायचं काय? नकाशा. बोरीबंदर ते ठाणे ही रेघ, दोन्ही बाजूंना मिठागरं, खाड्या, दलदल. मुलगी खट्टू झाली, पण दोन दिवसांत तिने हाताने रंगवलेला नकाशा आणला. फोटोपेक्षा तो शंभरपट चांगला आहे.

९ मार्च

घड्याळाचा रकाना.

१६ एप्रिलला दुपारी ३.३५ला वाचनालयात शिट्टी वाजवायची, अशी काकांची कल्पना. त्यांच्याकडे गार्डची जुनी शिट्टी आहे. मी विचारलं, कुठले ३.३५? १८५३ साली भारतीय प्रमाणवेळ नव्हती. ती आली १ जानेवारी १९०६ला. तोवर गावोगावची घड्याळं आपापल्या सूर्याप्रमाणे चालायची. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, प्रमाणवेळ ५ तास ३० मिनिटं पुढे. फरक ३९ मिनिटांचा. बोरीबंदरच्या स्थानिक वेळेने ३.३५ म्हणजे आपल्या घड्याळात ४ वाजून १४ मिनिटं.

मुंबईने हा ३९ मिनिटांचा हट्ट प्रमाणवेळ आल्यावरही पुढे कितीतरी वर्षं चालवला. 'बॉम्बे टाइम' पुरता गेला तो १९५५ साली. आमच्या आजीच्या पिढीला 'नवा टाइम की जुना टाइम?' हा प्रश्न रोजचा होता.

काका थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "चार चौदाला वाजवली तर लोक म्हणतील म्हातारा उशिरा आला." हा प्रश्न खुला ठेवलाय.

१४ मार्च

१९१९. जवळजवळ प्रत्येक इंग्रजी यादीत आणि तिच्यावरून उतरलेल्या मराठी यादीत हे आहे : जालियनवाला बागेतल्या हत्याकांडाच्या निषेधार्थ १६ एप्रिलला गांधीजींनी प्रार्थना आणि उपवासाचा दिवस पाळला. वाचायला पटतं. १३ला हत्याकांड, १६ला उपवास.

पण त्या आठवड्यात काय चाललं होतं ते पाहिलं की वाक्य डळमळतं. रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहात गांधीजींना पंजाबच्या वाटेवर अडवून मुंबईला परत पाठवलं. अटकेच्या बातमीने अहमदाबादेत दंगल उसळली, जाळपोळ झाली, माणसं मारली गेली. १४ एप्रिलला साबरमतीच्या सभेत त्यांनी या हिंसेचं प्रायश्चित्त म्हणून स्वतःसाठी तीन दिवसांचा उपवास जाहीर केला आणि लोकांना एक दिवस उपवास करायला सांगितलं. पंजाबातून बातम्या बाहेर पडू दिल्या जात नव्हत्या. १८ला त्यांनी सत्याग्रह स्थगित केला. म्हणजे १६ तारखेला ते उपवासात होते हे खरं. पण कारण अमृतसर नव्हतं, अहमदाबाद होतं. जनरल डायरच्या गोळ्यांसाठी नव्हे, आपल्याच माणसांनी केलेल्या हिंसेसाठी.

तारीख बरोबर आणि कारण चूक, ही सगळ्यात चिवट जात. ती तपासणीतूनही सुटते, कारण आपण फक्त तारीख ताडून बघतो. तक्त्यात एक रकाना वाढवला, 'कशासाठी'. फलकावर या नोंदीला मी जास्त जागा मागितली आणि मिळाली.

२० मार्च

आज विमानं. विल्बर राइटचा जन्म १६ एप्रिल १८६७, इंडियाना राज्यात मिलव्हिलजवळ. हे निर्विवाद. त्याच्या शेजारी एक बाई बसवल्या, त्यांच्यासाठी माझी खटपट चालू होती. हॅरिएट क्विम्बी. अमेरिकेत वैमानिकाचा परवाना मिळवणारी पहिली स्त्री. १६ एप्रिल १९१२ला डोव्हरहून ब्लेरियो विमान एकटीने उडवत तिने इंग्लिश खाडी ओलांडली आणि ५९ मिनिटांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरली. असं करणारी जगातली पहिली स्त्री. आणि वर्तमानपत्रांत तिला जवळजवळ जागाच नाही, कारण आदल्या पहाटे टायटॅनिक बुडालं होतं. जुलैच्या पहिल्याच तारखेला बॉस्टनजवळ विमानातून पडून ती गेली.

विल्बर त्या १६ एप्रिलला ४५ वर्षांचा झाला होता. विषमज्वराने ३० मे रोजी तोही गेला.

बोरीबंदर ते ठाणे ५७ मिनिटं, डोव्हर ते फ्रान्स ५९. हे दोन आकडे एकाखाली एक ठेवायचा मोह मला आवरला नाही. तारखेने जोडलेल्या गोष्टींत इतपत चहाटळपणा चालतो.

आबांनी अपेक्षेप्रमाणे शिवकर बापूजी तळपदे काढले. त्यांनी विमान उडवलं असं सांगतात ते गिरगाव चौपाटीवर, १८९५ साली, राइटबंधूंच्या आधी आठ वर्षं. "मराठी माणूस आणि फलकावर नाही?" मी दोन गोष्टी सांगितल्या. त्या उड्डाणाला त्या काळातला भक्कम पुरावा नाही. आणि असता तरी १६ एप्रिलशी त्याचा संबंध नाही. दुसरी आबांना पटली. पहिलीवर ते चहा संपेपर्यंत बोलत होते.

२१ मार्च

वगळलेले, थोडक्यात. बाझेलचा रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन आणि एलएसडी या अमली पदार्थाचा अपघाती अनुभव (१९४३) : तारीख पक्की, पण बालविभागाच्या जिन्यात नको, असं ग्रंथपालबाई म्हणाल्या. लारा दत्ता : मुलीने हट्ट धरला होता, मग तिनेच सोडला. राम नाईक (जन्म १९३४) : मुंबई उपनगरी प्रवाशांच्या प्रश्नांवर गोरेगावपासून काम, पुढे रेल्वे राज्यमंत्री, तारीख १६ एप्रिल, काकांच्या दृष्टीने याहून योग्य माणूस नाही. पण राजकारणी नकोत हा वाचनालयाचा जुना नियम. काका दिवसभर घुश्शात.

२७ मार्च

दुर्घटनांचा प्रश्न आज संपवला.

१६ एप्रिलला त्या कमी नाहीत. १९४५ साली, युद्ध संपत आलेलं असताना, जर्मन निर्वासितांनी आणि सैनिकांनी खच्चून भरलेलं गोया नावाचं जहाज बाल्टिक समुद्रात सोव्हिएत पाणबुडीने बुडवलं. सहा हजारांहून जास्त माणसं काही मिनिटांत गेली, दोनशेही वाचली नाहीत. पाणतीर लागला तेव्हा मध्यरात्रीला दहा मिनिटंही उरली नव्हती. जहाज थोडं उशिरा गाठलं असतं तर ही नोंद १७च्या यादीत गेली असती. आणि स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोया मेला तोही १६ एप्रिलला, १८२८ साली, बोर्दोत. मुलगी म्हणाली, "अंगावर काटा आला." मलाही आला होता. पण तो लावायचा नाही. एवढ्या माणसांच्या मरणाला नावाच्या योगायोगाची शोभा कशाला? चित्रकार गोया ठेवला, जहाज काढलं.

२०१४चं दक्षिण कोरियाचं सेवोल जहाज : ३०४ मृत, त्यांतले अडीचशे एकाच शाळेच्या सहलीची मुलं. यावर कुणीच फार बोललं नाही. ठेवायचं, चित्राशिवाय.

टेक्सास सिटीसाठी मात्र मी अडून बसले. १६ एप्रिल १९४७, सकाळी ९ वाजून १२ मिनिटं. ग्रँडकँप या फ्रेंच जहाजावर सुमारे २३०० टन अमोनियम नायट्रेट होतं. खत म्हणून युरोपला चाललेलं. आग लागली. पाणी मारलं तर माल भिजून नासेल म्हणून झडपा बंद करून वाफ सोडली. बंद जागेत अमोनियम नायट्रेट तापत गेलं की ते स्फोटक होतं, तसंच झालं. किमान ५८१ माणसं गेली, गावाच्या अग्निशमन दलातले जवळजवळ सगळे जवान त्यात. धुराचा विचित्र नारिंगी रंग बघायला लोक धक्क्यावर जमले होते.

हे ठाण्याच्या भिंतीवर हवंच. आपल्याकडे १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो तो १४ एप्रिल १९४४च्या मुंबई गोदीतल्या फोर्ट स्टायकिन जहाजाच्या स्फोटामुळे. त्यात ६६ अग्निशमन जवान गेले. टेक्सास सिटी त्यानंतर तीन वर्षं आणि दोन दिवसांनी. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या रासायनिक कारखान्यांत ज्यांच्या घरचं कुणी ना कुणी आहे, अशी मुलं आमच्याकडे पुस्तकं बदलायला येतात. आगीचा धूर बघायला जमू नये, ही एक ओळ त्यांच्यासाठी ठळक अक्षरात.

२ एप्रिल

१९७२ने घोळ घातला. यादीत त्या वर्षीच्या दोन नोंदी : अपोलो १६चं उड्डाण आणि जपानी कादंबरीकार यासुनारी कावाबाता यांचा मृत्यू. १९६८ साली साहित्याचं नोबेल मिळालेले ते पहिले जपानी. मुलीने दोघांना एका चौकटीत बसवून मथळा दिला होता 'एकाच दिवशी'. देखणं दिसत होतं.

घड्याळाचा रकाना भरला. अपोलो १६ फ्लोरिडाहून उडालं तेव्हा तिथे दुपारचे १२.५४ झाले होते. आपल्याकडे रात्रीचे ११.२४. म्हणजे आपणही जेमतेम १६ एप्रिलमध्येच. जपानात मात्र पहाटेचे २.५४, तारीख १७. कावाबाता गेले ते जपानातल्या १६च्या संध्याकाळी. त्यांच्या घरच्या माणसांनी यान सुटल्याची बातमी ऐकली असेल ती दुसऱ्या तारखेला. तारीख सारखी आहे, दिवस नाही.

आमच्या 'जिथलं तिथलं' नियमाने दोन्ही नोंदी यादीत राहतात, पण 'एकाच दिवशी' हा मथळा राहत नाही. चौकट मोडली. आता मध्ये तीन छोटी घड्याळं आहेत : फ्लोरिडा, ठाणे, झुशी. कावाबातांचा मृत्यू झुशीत झाला. चंद्रावर यंग आणि ड्यूक उतरले, मॅटिंगली वर घिरट्या घालत राहिला, एवढंच खाली.

६ एप्रिल

जन्म-मृत्यूंची शेवटची निवड. चार्ली चॅप्लिनबद्दल कुणाचं दुमत असणार नव्हतं. १६ एप्रिल १८८९, लंडन. पण त्याचा जन्मदाखला आजवर सापडलेला नाही. तारीख त्याने स्वतः सांगितलेली, आणि त्याच्या जन्मानंतर तमाशा-करमणुकीच्या एका इंग्रजी साप्ताहिकात आलेल्या बातमीत १५ तारीख होती. तरी ठेवला, 'स्वतः सांगितलेली तारीख' असं लिहून. माणसाने आपला वाढदिवस जो सांगितला तो मानायला हरकत नसावी. १९३१च्या सप्टेंबरात लंडनच्या कॅनिंग टाउनमध्ये तो गांधीजींना भेटला आणि दोघं यंत्रांवर बोलले, हे खाली टाकलंय. रेल्वेच्या फलकावर ते शोभतं.

कंदुकुरी वीरेशलिंगम, जन्म १८४८, राजमहेंद्री. तेलुगू गद्याचा पाया घालणारे, आणि १८८१मध्ये तिथे विधवाविवाह लावून देणारे. जन्मवर्ष बघून ग्रंथपालबाई म्हणाल्या, "म्हणजे फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ते साल." तसंच लिहिलं.

रोझलिंड फ्रँकलिन, मृत्यू १९५८, वय ३७. डीएनएच्या रचनेचा शोध लागायला तिच्या प्रयोगशाळेतलं क्ष-किरण छायाचित्र कामी आलं. १९६२चं नोबेल तीन पुरुषांना मिळालं. नोबेल मरणोत्तर देत नाहीत हे खरं, म्हणून 'डावललं' असा शब्द वापरलेला नाही. तिच्या हयातीत तिला श्रेय किती मिळालं, हा प्रश्न तरीही उरतोच, आणि तो प्रश्न म्हणूनच छापलाय.

नंदलाल बोस, मृत्यू १९६६, कोलकाता. हे नाव उशिरा हाती लागलं आणि त्याने मांडणी बदलली. संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत बोस आणि शांतिनिकेतनातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी, विद्यार्थ्यांनी सजवली. तिच्यात शिवाजी महाराजांचंही चित्र आहे. आंबेडकर जयंतीचं प्रदर्शन उतरवताना संविधानाचं एक पान तिथेच राहू द्यायचं आणि त्यापासून आपला फलक सुरू करायचा, असं ठरलं. पुढची सगळी मांडणी मुलीने पुन्हा क्रम लावून आखली. तिची कटकट न करण्याची तयारी वाखाणण्यासारखी.

१५ एप्रिल

छपाई गोखले रोडवरून आणली. चढवायला रात्र झाली. कलोडनच्या टीपेत 'ज्युलियन'चा 'ज्युलिअन' झालाय, तसाच राहू दे. आबांनी पायरीवर बसून सगळा फलक वाचला आणि म्हणाले, "तळपदे असते तर बरं झालं असतं."

१६ एप्रिल

सकाळी शाळेची मुलं. सर्वांत जास्त गर्दी तीन घड्याळांपुढे. एका मुलाने विचारलं, जपानात जन्मलेल्या आणि इथे राहणाऱ्या माणसाचा वाढदिवस कधी? आमचा नियम तिथे अपुरा पडतो. 'जिथे केक मिळेल तिथे' असं काकांनी सांगून टाकलं.

वागळेचे सभासद लेनिनची टीप दोघा-तिघांना दाखवत होते. वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या एका बाईंनी गांधीजींची नोंद वाचून वाद घातला : आपण इतकी वर्षं शाळेत दुसरंच शिकवलं. त्यांना १४ एप्रिलच्या सभेचा उतारा काढून दिला. घरी नेऊन वाचते म्हणाल्या.

शिट्टी काकांनी ३.३५ला वाजवली. मग चहा झाला, काकांनी शीवच्या पाण्याची गोष्ट सांगितली, आणि ४.१४ला मुलीने त्यांच्या हातातून शिट्टी घेऊन पुन्हा वाजवली. दुसऱ्या वेळी माणसं जास्त होती, कारण पहिली ऐकून लोक जिना चढून वर आले होते.

१९ एप्रिल

फलक २२पर्यंत राहील, मग २३ला पुस्तक दिनासाठी भिंत मोकळी करून द्यायची. नकाशा मुलगी घरी नेणार. तक्त्याची प्रत वाचनालयात राहील.

कल्याणहून येणाऱ्या एका सभासदाने चिठ्ठी टाकलीय : ठाण्याचं झालं, आता कल्याणचं करा, १ मे १८५४. तारीख जबरदस्त आहे. त्याच दिवशी १९६०चा महाराष्ट्र, १८८६चा शिकागोचा संप, १८४०चं जगातलं पहिलं टपाल तिकीट. वेळ फार थोडा उरलाय, तरी ग्रंथपालबाई हो म्हणाल्यात, भिंत मात्र अर्धीच मिळेल. काकांनी खाडीपुलाचा तो फोटो पुन्हा बाहेर काढलाय. या वेळी पूल तरी बरोबर आहे. लावू, पण खाली 'साधारण १८५५' असं छापायच्या अटीवर.